टिपणं रचायला आउटलायनर कोणता घ्यावा? (टिपण एक, जागा चार)

घटिकापात्र

नमस्कार मंडळी,

कालमापनाच्या इतिहासावर मी गेली अकरा वर्षं टिपणं काढतेय. छायायंत्रं, पाण्याची घड्याळं, लंबक, पंचांगं, अधिकमास, समुद्रावर रेखांश काढायचा प्रश्न, जे हाती लागेल ते. आता पुस्तकाला बसायचं म्हणून सगळं एका जागी गोळा केलं तर साधारण २३०० टिपणं भरली. काही वर्डच्या फायली, काही फोनमधल्या नोंदी, काही स्वतःलाच पाठवलेल्या ईमेल. वह्यांच्या पानांचे फोटो निराळेच.

फोल्डर करून लावायला घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी अडले. ख्रिस्तियान हायगेन्सनं १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ केलं, हे टिपण कुठे टाकू? 'घड्याळं'मध्ये, 'व्यक्ती'मध्ये, की 'सतरावं शतक'मध्ये? त्यात त्याची घड्याळं जहाजावर चढवून रेखांश मिळतो का तेही पाहिलं होतं, म्हणजे 'रेखांश'मध्येही हवंच. शेवटी चार ठिकाणी चार प्रती ठेवल्या. पुढच्या आठवड्यात एकीत चूक दुरुस्त केली, बाकी तिघी तशाच अडाणी राहिल्या.

एका मैत्रिणीनं सांगितलं, 'आउटलायनर वापर' (म्हणजे मुद्दे-उपमुद्दे रचायचा प्रोग्रॅम). शोधायला गेले तर पंचवीसएक नावं समोर आली आणि प्रत्येकाचे भक्त वेगळे. मला एवढंच हवंय: मुद्द्यांचं झाड करता यावं, फांद्या उचलून इकडून तिकडे लावता याव्यात, एकच टिपण दोन-चार ठिकाणी दिसावं, सालानुसार आणि नावानुसार क्रम लावता यावा, देवनागरीत कटकट होऊ नये, आणि दहा वर्षांनी फाईल उघडावी. मी प्रोग्रॅमर नाही, पण शिकायची तयारी आहे.

काय घेऊ?

मी_आळशी

वही.

टवाळ

अकरा वर्षं कालमापनावर टिपणं काढण्यात एकूण काळ किती गेला ते मोजलंत का? (हलकेच घ्या.)

कळफलक

चांगला धागा. आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण 'आउटलायनर' या एका नावाखाली दोन वेगळ्या जातीची जनावरं बांधलेली असतात.

पहिल्या जातीत सगळं एकाच पानावर असतं. प्रत्येक ओळ म्हणजे एक मुद्दा, त्याच्या पोटात उपमुद्दे, त्यांच्या पोटात आणखी. हवी ती फांदी मिटा, हवी ती उघडा, किंवा एकाच फांदीत शिरून बाकीचं सगळं नजरेआड करा. वर्कफ्लोई, डायनालिस्ट, लॉगसेक, मॅकवर ऑम्निआउटलायनर हे या घरातले. दुसऱ्या जातीत डावीकडे झाड आणि उजवीकडे निवडलेल्या फांदीचा मजकूर, असे दोन कप्पे असतात. चेरीट्री असं आहे, स्क्रिव्हनरचा सांगाडाही तसाच.

फरक किरकोळ वाटतो, पण वापरताना स्वभाव बदलतो. पहिल्यात हात सतत विचारांची जागा बदलत असतात: हा मुद्दा वर घे, तो त्याच्या पोटात ढकल. दुसऱ्यात आपण टिपण 'ठेवतो' आणि मग उजव्या बाजूला लांबलचक लिहीत बसतो. तुमचं एक टिपण सरासरी किती मोठं असतं? दोन-तीन ओळींचं असेल तर पहिली जात, पानभर असेल तर दुसरी. हे न ठरवता लोक नुसती नावं सुचवत राहतील (आत्ता बघा, इमॅक्सवाले येतीलच).

शून्यावतार

आलो! :)

ऑर्ग-मोड, म्हणजे इमॅक्स या मजकूर-संपादकातली टिपणांची सोय. दुसरं काही बघूच नका. कार्स्टन डॉमिनिक नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये स्वतःच्या नोंदी आवरायला लिहिलं, म्हणजे तुमच्या विषयाच्या शेजारचाच माणूस. फाईल साध्या मजकुराची, मथळ्याआधी फक्त तारका: एक तारका म्हणजे वरची पातळी, दोन म्हणजे त्याखालची. उद्या इमॅक्स जगातून नाहीसं झालं तरी फाईल नोटपॅडमध्ये उघडेल. खुणा लावता येतात, वरच्या मथळ्याची खूण खालच्यांना आपोआप लागू होते, प्रत्येक मथळ्याला 'साल', 'व्यक्ती' असे गुणधर्म देऊन त्यांचे रकाने करून बघता येतात, क्रम लावता येतो. फुकट आहे, मुक्त आहे.

एक दोष मान्य करतो. त्यातल्या तक्त्यांत देवनागरी लिहिलं की जोडाक्षरांमुळे उभ्या रेघा वाकड्या होतात.

टवाळ

इमॅक्स शिकून टिपणं लावायची म्हणजे वेळ विचारल्यावर घड्याळ दुरुस्त करायला शिकवण्यासारखं आहे.

शून्यावतार

@टवाळ, निदान नंतर घड्याळ आपलं आपण दुरुस्त करता येतं. तुम्ही आयुष्यभर लोकांना वेळ विचारत फिरा.

जुनाखोड

तरुण मंडळींना वाटतं हे सगळं काल-परवा आलं. ९ डिसेंबर १९६८ ला डग्लस एंगलबार्टनं सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जे प्रात्यक्षिक दिलं (माउस जगाला दिसला तो हाच कार्यक्रम), त्यात त्यानं पडद्यावर बाजारहाटाची यादी केली, तिचे गट पाडले, गट मिटून-उघडून दाखवले. सगळी मूळ कल्पना तिथेच आहे. मग डेव्ह वायनरचं थिंकटँक १९८३ मध्ये आलं, पाठोपाठ १९८६ मध्ये मॅकवर मोअर. आज ज्या ओपीएमएल फाईलमधून आउटलाइन एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेतात तीही वायनरचीच देणगी, साल २०००.

आणि घटिकापात्रताई, तुमच्या हायगेन्सचं कोडं लोटस अजेंडानं १९८८ सालीच सोडवलं होतं. त्यात नोंद एकदाच लिहायची आणि हव्या तितक्या वर्गांत ती दिसायची. वर्गाचं नाव मजकुरात आलं तर नोंद आपण होऊन त्या वर्गात जाऊन बसायची. पुढे एको प्रो नावाच्या प्रोग्रॅमनं आउटलाइनला रकाने जोडून साधारण तेच केलं, आणि तो १९९७ मध्ये बंद झाल्यावरही लोक कित्येक वर्षं तोच चालवत राहिले.

मीही असाच एक प्रोग्रॅम धरून बसलो होतो, नाव घेत नाही. माझ्याकडे त्याच्या सातशे नोंदींची फाईल अजून आहे. उघडणारं काही नाही. तेव्हा तुमच्या यादीतली शेवटची अट, 'दहा वर्षांनी उघडावी', ती उचलून पहिली करा.

भटकभवानी

+१ जुनाखोडकाका. वाखुसा (वाचनखूण साठवली).

अवांतर: आउटलायनरला मराठी शब्द काय?

कळफलक

रूपरेषक?

मी_आळशी

रूपरेषक म्हणजे शिंपी वाटतो.

अक्षरशत्रू

'उतरंड' म्हणा की. अधिकाराची उतरंड म्हणतोच आपण.

जुनाखोड

शब्द गोड आहे, पण उतरंडीतलं तळाचं मडकं हवं असेल तर वरची सगळी उतरवावी लागतात. इथे तर तळातलं मडकं सरळ उपसून वर ठेवता येतं आणि काही फुटत नाही. खरी गंमत तीच.

टवाळ

मग 'उपसंड'.

कपाटकिल्ली

मी ग्रंथालयात काम करते, म्हणून थोडं लांबण लावते. सॉफ्टवेअरचं नाव नंतर येऊ दे. हायगेन्सचं टिपण कुठे ठेवायचं हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाला पडतो. पुस्तक ही वस्तू आहे, ती एकाच फळीवर बसणार. म्हणून फळीवरची जागा एक आणि तालिकेतली कार्डं अनेक: लेखकाचं वेगळं, शीर्षकाचं वेगळं, विषयाची हवी तितकी. जागा आणि शोध या दोन गोष्टी आम्ही केव्हाच वेगळ्या केल्या. तुम्ही फोल्डरकडून दोन्ही कामं करून घेताय, म्हणून चार प्रती झाल्या.

आणखी एक. मेलव्हिल ड्युईची १८७६ ची दशांश पद्धत बव्हंशी झाडासारखी आहे: विषयाच्या पोटात उपविषय. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं, त्यात विषयाकडे बघायचे पैलू आधी सुटे केले आणि मग जोडले. त्यांचे पाच मूलभूत पैलू म्हणजे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काळ. तुम्हाला हेच पाच नकोत, पण युक्ती तीच वापरा. तुमचे चारही फोल्डर खरं तर एका झाडाच्या फांद्या नाहीतच. 'घड्याळं' हा साधनाचा पैलू, 'हायगेन्स' व्यक्तीचा, 'सतरावं शतक' काळाचा, 'रेखांश' प्रश्नाचा. एकाच टिपणाला चारही एकदम लागू आहेत, त्यात भांडण कुठलं?

तेव्हा साधन, व्यक्ती, काळ, स्थळ, प्रश्न असे रकाने करा आणि प्रत्येक टिपणाला ते भरा. रकाने देणारं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. झाड मात्र फक्त पुस्तकाच्या प्रकरणांसाठी राखून ठेवा. साठवणीसाठी झाड लावायला गेलात की पुन्हा चार प्रतींवर याल.

प्रबंधिका

कपाटकिल्ली यांचं तत्त्व पटतं, पण माझा अनुभव वेगळा आहे म्हणून सावध करते.

पीएचडीच्या वेळी मी अगदी हेच केलं. १४०० टिपणांना पैलू, खुणा, रंग. चार महिने गेले. प्रबंधाचं एक पान पुढे सरकलं नाही आणि मला रोज वाटायचं की केवढं काम केलं! त्यात खुणांची नावं दर महिन्याला बदलत गेली: आधी 'स्थलांतर', मग 'स्थलांतरे', मग 'स्थलांतरं'. तीन खुणा, तिन्हींत वेगवेगळी टिपणं. शेवटी मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "तुझ्या दुसऱ्या प्रकरणात तू काय म्हणणार आहेस ते मला दहा ओळींत सांग." मला तीन सुद्धा सांगता आल्या नाहीत.

त्या रात्री टिपणं न उघडता, फक्त डोक्यातून, तीस ओळींची आउटलाइन लिहिली. मग एकेका ओळीसाठी लागतील तेवढीच टिपणं शोधून काढली. १४०० पैकी प्रबंधात साधारण साडेतीनशे लागली. उरलेल्यांना खूण लावली काय आणि नाही काय, सारखंच.

मी स्क्रिव्हनर वापरलं. लांब लिखाणाला ते मानवतं. प्रकरणाचे तुकडे उचलून पुढे-मागे करता येतात, प्रत्येक तुकड्याला सारांशाचं कार्ड असतं, आणि 'कलेक्शन' म्हणून सोय आहे तिच्यात तुकडा मूळ जागेवरून न हलवता दुसऱ्या यादीतही ठेवता येतो. संदर्भ झोटेरोमध्ये ठेवले. तिथेही एकच नोंद अनेक संग्रहांत टाकता येते, प्रत होत नाही. घटिकापात्र, तुमची निम्मी टिपणं 'अमक्या पुस्तकात अमुक लिहिलंय' अशी असतील तर झोटेरो आधी बघा.

कपाटकिल्ली

@प्रबंधिका, 'स्थलांतर, स्थलांतरे, स्थलांतरं' वाचून हसू आलं आणि रडूही. याच दुखण्यासाठी आम्ही नियंत्रित शब्दसूची ठेवतो. आधी तीस-चाळीस शब्द ठरवायचे, एका कागदावर लिहायचे आणि त्याबाहेरचा शब्द वापरायचा नाही. रकान्यात यादीतून निवडायची सोय केली की टंकायचाच प्रश्न येत नाही.

पण हो, २३०० सगळ्यांना नका लावू. लागतील तशी लावा. तुमचं बरोबर आहे.

निशाचर

लुहमानचं नाव अजून कुणी घेतलं नाही? जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान. सुमारे ९०,००० कार्डं. विषयवार लावलीच नाहीत. प्रत्येक कार्डाला कायमचा क्रमांक, एका कार्डावरून दुसऱ्याचा क्रमांक लिहून जोडणी, आणि कुठून शिरायचं यासाठी वेगळी छोटी सूची. आजचे ऑब्सिडियन वगैरे वापरणारे त्यालाच गुरू मानतात. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक टिपण ही तुमच्याच संगणकावरची साध्या मजकुराची फाईल असते, त्यामुळे जुनाखोड म्हणतात ती भीती कमी. आणि या टिपणाकडे कोणकोणत्या टिपणांतून बोट दाखवलंय ते आपोआप दिसतं.

मी_आळशी

९०,००० कार्डं!! आणि इथे मला वाणसामानाची यादी सापडत नाही.

अक्षरशत्रू

देवनागरीचा मुद्दा सगळ्यांनी उडवून लावलाय, म्हणून मी घेतो. फॉंट दिसला म्हणजे मराठी चालली असं नसतं. दोन ठिकाणी मार बसतो.

पहिलं, शोध. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन निराळे शब्द. तीच गत 'ॲ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये (म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक तक्त्यात) २००८ साली आलं, त्याआधीचे आणि अजूनही कित्येक कळफलक 'अ'वर चंद्र काढून काम भागवतात. फोनवर टंकलेलं टिपण संगणकावर शोधलं आणि सापडलं नाही, तर दहापैकी पाच वेळा कारण हेच.

दुसरं, क्रम. शाळेत आपण शिकलो ते ...श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी बसवलाय. जो प्रोग्रॅम नुसता तक्ता बघून क्रम लावतो त्यात 'काळ' आधी आणि 'काव्य' नंतर येतं. क्ष जातो क च्या घरात, ज्ञ ज च्या. मराठीचा नियम पाळणारे प्रोग्रॅम ळ ला ह च्या नंतर नेतात. लिब्रेऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये क्रम लावताना भाषा निवडायची सोय आहे, मराठी निवडून बघा.

म्हणून परीक्षेसाठी पाच शब्दांची यादी देतो: काव्य, काळ, क्षण, ज्ञान, हवामान. कुठलंही आउटलायनर घ्यायच्या आधी हे पाच टाका आणि क्रम लावायला सांगा. दोन मिनिटांत पितळ उघडं.

घटिकापात्र

@अक्षरशत्रू, दंडवत! 'दुसऱ्या' माझ्या टिपणांत दोन्ही तऱ्हेचे आहेत, आत्ताच पाहिलं. 'दुसर्‍या महायुद्धातली घड्याळं' हे टिपण हरवलं म्हणून मी ते वर्षभरापूर्वी नव्यानं लिहून काढलं होतं. मूळचं आज सापडलं.

@प्रबंधिका, दहा ओळींचा प्रश्न मीही स्वतःला विचारला. पाच आल्या. बाकीचं उद्या लिहिते.

उलटतपासणी

वकिली पेशातला आहे. आमच्याकडे प्रकरण उभं राहतं ते घटनाक्रमावर, आणि घटनाक्रम तक्त्यातच लागतो. एक ओळ एक घटना. तारीख, कोण, काय, पुरावा कुठल्या पानावर. हवं तेव्हा तारखेनं लावा, हवं तेव्हा व्यक्तीनं चाळा. आउटलायनर वगैरे युक्तिवाद रचताना ठीक, पण 'क्रम लावणं' ही मुळात तक्त्याची कला आहे. इतिहासाच्या टिपणांना साधी स्प्रेडशीट का नको?

घटिकापात्र

@उलटतपासणी, केलं होतं ना! तिथेच फजिती झाली. सालाच्या रकान्यात माझ्याकडे काय काय होतं बघा: '१५८२' (ग्रेगरियन पंचांग), 'इ.स.पू. ४५' (ज्युलियन पंचांग), 'सतराव्या शतकाचा उत्तरार्ध', आणि काही ठिकाणी मूळ ग्रंथातला 'शके १५७८'. शके १५७८ म्हणजे हायगेन्सचंच १६५६ साल, पण तक्त्यात दोघांत ७८ वर्षांचं अंतर! आणि 'इ.स.पू.' म्हणणारे सगळे एकगठ्ठा शेवटी जाऊन बसले, जणू भविष्यातून आलेत.

उलटतपासणी

साक्षीदारानं सांगितलेली तारीख आणि आपण लावायची तारीख हे दोन वेगळे रकाने ठेवा. पहिल्यात मूळ शब्द जसेच्या तसे: 'शके १५७८', 'उत्तरार्ध', काहीही. दुसऱ्यात निव्वळ आकडा, फक्त क्रमासाठी. इ.स.पू. ४५ ला उणे ४५. 'सतराव्या शतकाचा उत्तरार्ध' ला १६५०. हा दुसरा रकाना छापायचा नाही, तो फक्त यंत्रासाठी. आणि त्यात आकडे इंग्रजी घाला, देवनागरी आकड्यांना बरेच प्रोग्रॅम मजकूर समजतात आणि मग १० हे २ च्या आधी येतं.

शून्यावतार

सुधारणा: इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. म्हणून खगोलशास्त्रात इ.स.पू. ४५ हे उणे ४४ लिहितात. क्रम लावायला फरक पडत नाही, पण दोन घटनांमधली वर्षं मोजायला गेलात तर एकानं चुकाल.

टवाळ

आयडीला जागलात.

वाळवी

मोबाईलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

जुनाखोडांच्या फाईलची आजची आवृत्ती सांगतो. माझी सहा वर्षांची टिपणं एका ऑनलाइन सेवेत होती. एके दिवशी ईमेल आली की सेवा बंद होतेय, इतक्या दिवसांत माल उचला. माल उचलला. एकच लांब फाईल मिळाली, सगळ्या ओळी डावीकडे चिकटलेल्या. कोण कुणाच्या पोटात होतं ते गेलं. झाडाची पानं सगळी मिळाली, फांद्या नाहीत.

तेव्हापासून नियम: पहिल्या दिवशी, दहाच नोंदी असताना, बाहेर काढून बघायचं आणि ती फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायची. ओपीएमएल देतो म्हणणाऱ्यांकडूनही सगळं येतं असं नाही. पातळ्या येतात, पण रकाने, जोडटिपा, फोटो वाटेत गळू शकतात. आणि एक नोंद चार ठिकाणी दाखवणारी जी आरसा किंवा क्लोन म्हणतात ती सोय असते ना, बाहेर पडताना त्या आरशाच्या साध्या प्रती होतात. म्हणजे फिरून घटिकापात्रांच्या चार हायगेन्सवर.

कळफलक

@वाळवी, हा मुद्दा सोन्याचा. मी वर्कफ्लोईच्या आरशांची शिफारस करणार होतो, अजूनही करतो, पण कायमच्या साठवणीसाठी नाही.

ज्यांना काहीच नवं घ्यायचं नाही त्यांच्यासाठी: वर्डमध्येच आउटलाइन दृश्य आहे. मथळ्यांना शीर्षकाच्या शैली लावा, मग आल्ट-शिफ्ट धरून वरचा-खालचा बाण दाबला की मुद्दा हलतो, डावा-उजवा दाबला की पातळी बदलते. मथळा मिटलेला असेल तर त्याच्या पोटातला सगळा मजकूर बरोबर जातो. लोक वीस-वीस वर्षं वर्ड वापरतात आणि हे माहीतच नसतं.

भटकभवानी

आत्ता करून पाहिलं. मी आजवर कापा-चिकटवा करून प्रकरणं हलवत होते!! कुणाला सांगू नका.

घटिकापात्र

तीन आठवड्यांनी परत आलेय, उशिराबद्दल क्षमस्व. चाळीस टिपणं निवडली, मुद्दाम अडचणीची: हायगेन्स, शके, इ.स.पू., दोन्ही तऱ्हेचे 'दुसऱ्या', वहीच्या पानांचे फोटो. ती चार प्रोग्रॅममध्ये घालून पाहिली. अक्षरशत्रूंचे पाच शब्दही घातले. चारपैकी दोघांनी 'काळ' ला 'काव्य' च्या आधी नेलं. एकात फाईल बाहेर काढून आत घेतली तर फोटो गेले. नावं लिहीत नाही, चूक माझ्या वापरातही असेल.

शेवटी जे ठरलं ते एका प्रोग्रॅमचं नाव नाही, त्यामुळे 'काय घेऊ' विचारून तुम्हाला उगाच राबवलं असं वाटतंय. टिपणं साध्या मजकुराच्या फायलींत, एका टिपणाची एक फाईल, नावात फक्त क्रमांक आणि दोन-तीन शब्द. सगळ्या एकाच फोल्डरात, उपफोल्डर नाहीत. हा भाग निशाचरांच्या लुहमानकडून घेतला. त्या फायली ऑब्सिडियनमधून बघते, पण ते नसलं तरी उघडतात. दुसरं, कॅल्कमध्ये एक तक्ता: क्रमांक, व्यक्ती, साधन, प्रश्न, मूळ शब्दांतला काळ, यंत्रासाठीचा आकडा. हा कपाटकिल्ली आणि वकीलसाहेबांचा. शब्दसूचीत ३४ शब्द झालेत आणि कागद भिंतीवर चिकटवलाय.

आउटलायनर उरलं फक्त पुस्तकासाठी. वर्कफ्लोईत प्रकरणांचं झाड आणि प्रत्येक मुद्द्याखाली टिपणांचे नुसते क्रमांक. मजकूर तिथे आणतच नाही. हायगेन्स म्हणजे ०४१७. तो तिसऱ्या प्रकरणात लंबकाखाली आहे, सहाव्यात रेखांशाखाली आहे, आणि टिपण एकच. चूक दुरुस्त करायची ती एकदाच.

प्रबंधिका, २३०० पैकी तक्त्यात आजवर २६० चढलीत. बाकीच्यांना हात लावलेला नाही, लागली की चढवते. पण तिसऱ्या प्रकरणाची आउटलाइन टिपणं न उघडता लिहिली आणि त्यातली अकरा पानं लिहून झाली.

प्रबंधिका

अकरा पानं! बास, बाकी सगळं गौण. पुढची पाठवा वाचायला.

शून्यावतार

हे सगळं एकाच ऑर्ग फाईलमध्ये झालं असतं. जाऊ दे.

जुनाखोड

छान जमलंय. कुठलाही एक तुकडा मेला तरी बाकीचे दोन जगतात.

अक्षरशत्रू

क्रमांक ०४१७ असा पुढे शून्य लावून लिहिलात हे उत्तम. नाहीतर फायलींच्या काही याद्यांत ४१७ हा ५ च्या आधी आला असता.

घटिकापात्र

हो, पण चारच आकडी ठेवलेत. ९९९९ च्या पुढे गेले तर सगळी नावं बदलावी लागतील याची आता रात्री झोपताना काळजी वाटते.

टवाळ

अकरा वर्षांत २३००, म्हणजे वर्षाला २०९. उरलेल्या ७६९९ ना साधारण ३७ वर्षं. झोपा निवांत. आणि धाग्याच्या सुरुवातीला मी काळ मोजायला सांगत होतो तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही.